माझी सवत माईकवर बोलते

मी मत्सरी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला मोठ्या मनाची वगैरे समजायला नको. माझा नवरा कासार. मिरजगावात हायवेला लागून आमचं बांगड्यांचं छोटं दुकान आहे आणि आठवडे बाजाराच्या दिवशी बाजारतळावर ताडपत्रीचं पाल असतं. म्हणजे माझा नवरा दिवसभर दुसऱ्या बायकांचे हात हातात घेऊन बसतो आणि त्यावर आमचं घर चालतं. अशा माणसाशी लग्न करून मत्सर न करणारी बाई कुठे असेल तर मला दाखवा, मी तिच्या पाया पडेन.

आमच्याकडे कासाराला परका पुरुष धरत नाहीत. तो गावातल्या सगळ्या बायकांचा मामा. भरून झालं की बाई, वयाने मोठी असली तरी, त्याला वाकून नमस्कार करते आणि तो "सुखी ऱ्हावा" म्हणतो. हे मला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि मागे खोक्यावर बसून बघणं वेगळं.

त्याची पद्धत अशी. आधी हात उलटासुलटा करून बघायचा. मग अंगठ्याच्या मुळाशी हलकं दाबायचं, चारी बोटं एकत्र गोळा करायची आणि म्हणायचं, "सैल सोडा ताई, हात तुमचा न्हाईच समजा." आणि बाई खरंच हात सैल सोडायची. घरात सासू, शेतात मुकादम, रात्री नवरा, कुणाहीपुढे सैल न सुटलेली बाई माझ्या नवऱ्यासमोर हात टाकून द्यायची. बांगडी अंगठ्याच्या हाडावरून जाताना तिचा चेहरा जरासा दुखल्यासारखा व्हायचा, बांगडी मनगटावर उतरली की हसू यायचं. ते हसू मला बघवत नसे.

दसरा झाला की ऊसतोडीला जाणाऱ्या बायका यायच्या. कारखाना बंद होईपर्यंत टिकतील अशा जाड बांगड्या त्यांना हव्या असत. त्यातली एक उंच, काळीसावळी बाई दरवर्षी यायची. कोयत्याने तिचे तळवे राठ झालेले होते. एकदा म्हणाली, "मामा, तुमच्या हाताला काय लावता वो, लोनी?" नवरा लाजून हसला. मी मागे बसून बांगड्या निवडत होते, कान मात्र पुढेच होते. त्या संध्याकाळी मी भाजीत मीठ घातलं नाही. मुद्दाम. तो निमूटपणे जेवला आणि म्हणाला, "झ्याक झालीय भाजी." त्याला काही कळत नसे, हाच माझा खरा राग होता.

कारण माझ्या हातात तो बांगड्या भरायचा ते दुकान बंद करता करता, उभ्यानंच, शटर अर्धं ओढलेलं असताना. रंग कोणता हवा हेही विचारायचा नाही. मग मीही एक युक्ती काढली. बाजारात आमच्या पालासमोर एका म्हाताऱ्या मणेराचं पाल असायचं. तोही बांगड्याच भरायचा. मुसलमान माणूस, पांढरी दाढी, सगळे त्याला चाचा म्हणायचे. धंद्यात समोरासमोर असूनही दोघांचं चांगलं जमायचं. सुट्टे पैसे, चहा, पावसात ताडपत्रीचं टोक, सगळं एकमेकांना. मी सणासुदीला आमचं पाल सोडून चाचाकडे जायचे आणि नवऱ्याला दिसेल अशी बसून दोन्ही हात भरून घ्यायचे. चाचा हसायचा. "बेटी, घरात समुंदर आणि तू माझ्या विहिरीवर?" मी तिरक्या नजरेने समोर बघायचे. नवरा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गुंतलेला असायचा. एकदाच त्याने मान वर केली, माझे हात बघितले आणि ओरडून म्हणाला, "चाचा, चांगला रंग काढला हो!" त्याला जळवायला गेलेली मीच जळत परत आले.

मग भाऊ आले.

भाऊ म्हणजे आमच्या भागात निवडणुकीला उभा राहिलेला एक माणूस. त्याचं नाव मी इथे घेणार नाही. तो पहिला नाही आणि शेवटचाही नाही, नाव घेऊन उगाच त्याचा मान कशाला वाढवायचा. नवरा पहिल्यांदा त्याची सभा ऐकायला गेला तो शेजाऱ्याच्या आग्रहाने, टेम्पोत जागा होती म्हणून. परत आला तेव्हा गळा बसलेला होता. माझा नवरा बाजारात कधी गिऱ्हाइकाला हाक मारत नाही, त्याला लाज वाटते. आणि त्या दिवशी हा माणूस घोषणा देऊन देऊन घसा फोडून आला होता. मी गरम पाण्यात हळद घालून दिली. पेला हातात तसाच धरून तो दाराबाहेर बघत राहिला.

"काय बोलला एवढं?" मी विचारलं.

"त्ये सांगता येत न्हाई," तो म्हणाला. "त्ये ऐकावं लागतंय."

मी हे वाक्य पूर्वी ऐकलेलं होतं. माझ्या मैत्रिणीचा नवरा करमाळ्याच्या एका बाईच्या नादी लागला होता, तेव्हा तोही असंच बोलायचा.

पुढे सगळं त्याच वळणाने गेलं. कानात सदा मोबाईलची ती पांढरी बोंडं. जेवताना, आंघोळीचं पाणी तापेपर्यंत, गिऱ्हाईक नसताना, भाऊ त्याच्या कानात बोलत असायचे. मध्येच एकटाच हसायचा. सभेच्या दिवशी दाढी, अत्तर, इस्त्रीचा पांढरा सदरा. माझ्या सख्ख्या भावाच्या लग्नात हा माणूस बाजाराच्या शर्टावर आला होता. आणि आता आरशासमोर उभा राहून मला विचारायचा, "बरा दिसतोय का गं?" मी म्हणायचे, "कुणाला दाखवायचंय?" तर म्हणायचा, "भाऊंची गाडी गर्दीतनंच जाती. कवाबी नजर पडती." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बायकांच्या बाबतीत निदान एक बरं होतं, त्या बांगड्या भरून आपापल्या घरी जायच्या. भाऊ उशाशी यायचे.

रात्री तो मला जवळ घ्यायचा त्यातही फरक पडला. हे लिहावं की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. पण हे सोडून बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. आधी माझा नवरा त्या बाबतीत अबोल होता आणि हळुवार होता, त्याच्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं. आता तो छाती काढायचा. दणकून वागायचा, म्हणजे वागायचं सोंग करायचा, आणि मग मला विचारायचा, "हाय का न्हाई मर्द?" मला हसू यायचं आणि रडूही. त्या प्रश्नाचं उत्तर त्याला माझ्याकडून नको होतं. मी हो म्हटलं तरी त्याचं समाधान दुसऱ्याच कुणाकडून व्हायचं होतं.

मी नगरला बी.ए. केलं तेव्हा राज्यशास्त्र होतं. फॅसिझम नावाचा एक धडा होता. कारणे लिहा, लक्षणे सांगा. मी लिहिलं होतं, बेकारी, पराभवाची सल, एकाच नेत्यावरची अंधश्रद्धा. आमचे सर पुण्याहून येत आणि खाली न बघता सांगत की लोक घाबरलेले असतात म्हणून असा माणूस निवडतात. असेलही. पण दाढी करून अत्तर लावून निघालेल्या नवऱ्याची बायको त्या धड्यात कुठेच नव्हती. तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, घाबरलेला माणूस असा गुणगुणत घराबाहेर पडत नाही.

शेवटी मी ठरवलं, सवत एकदा डोळ्यांनी बघायचीच. भाऊंची मोठी सभा आमच्याच बाजारतळावर होती. बायकांना पुढच्या खुर्च्या. मीही चांगली साडी नेसून गेले. सवतीसमोर गबाळं कोण जाईल? नवरा स्टेजच्या पायरीजवळ उपरणं घालून उभा होता, त्याला गर्दी आवरायचं काम मिळालं होतं.

भाऊ उशिरा आले. दिसायला तसे काही नाहीत. बुटके, पोट सुटलेलं, कपाळावर घाम. मला जरा बरं वाटलं. मग ते बोलायला लागले. सुरुवातीला आवाज इतका खाली की मागची माणसंसुद्धा श्वास धरून ऐकत होती. आणि हळूहळू ते आमच्याकडे, पुढच्या खुर्च्यांकडे वळले.

"माझ्या आयाबहिणींनो, तुमच्या मनगटाला कुणाचा हात लागतो? भरबाजारात, पालात, शंभर माणसांच्या डोळ्यांदेखत कुणीतरी यायचं आणि आमच्या लेकीसुनांचा हात हातात घ्यायचा? दाबायचा? कुरवाळायचा? आणि आम्ही लांबून बघत बसायचं? आम्ही काय हातात बांगड्या भरल्यात?"

नाव कुणाचंच घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. जिथे चाचाचं पाल असायचं त्या कोपऱ्याकडे आपोआप माना वळल्या. सभेचा दिवस असल्यामुळे तिथे नुसते चार दगड होते.

आता गंमत बघा. एकाच दमात या माणसाने बाईच्या हातातली बांगडी देवाच्या मूर्तीएवढी पवित्र करून टाकली आणि पुरुषाच्या हातातली बांगडी शिवी करून टाकली. आणि ज्याच्या पोटाला ती बांगडी घालते तो माझा नवरा पायरीजवळ उभा राहून दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होता. बाईचा हात दाबणारे ते हात, ते त्याचेही होते. त्याच्या डोक्यातच आलं नाही.

पण माझं काय झालं ते सांगते. लांबून बघत बसायचं, दाबायचं, कुरवाळायचं, हे शब्द माझे होते. कित्येक वर्षं खोक्यावर बसून मी हेच मनात म्हणत आले होते. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, आणि हा परका बुटका माणूस माझ्या पोटातलं काढून माईकवर बोलत होता. मला तेव्हा कळलं की हजारो माणसं इथे कशाला येतात. तो नवीन काहीच सांगत नव्हता. प्रत्येकाच्या घरातली जळफळ तो मोठ्या आवाजात परत देत होता, आणि मोठ्या आवाजात ती जळफळ वाटतच नव्हती, अभिमान वाटत होता. माझे हात वाजत होते. शेजारची बाई कोपराने ढोसून म्हणाली, "तू तर लईच जोरात!" तेव्हा मी थांबले.

आम्ही मोटरसायकलवरून घरी आलो. दारात गाडी लावून नवरा एकदम माझ्याकडे वळला. डोळे लाल.

"तू त्या म्हाताऱ्याकडनं बांगड्या भरून घेत हुतीस."

"घेत होते. तुमच्या देखतच."

"माझ्या देखत त्यो तुझा हात धरत हुता आन मी हासत हुतो." त्याने मुठीने गाडीच्या सीटवर दणका दिला. "इथनं फुडं त्याच्या पालाकडं बघायचंबी न्हाई. तू माझी बायकू हाईस."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. लग्न झाल्यापासून मी या एका वाक्यासाठी तडफडले होते. माझ्यापायी कुणाचे तरी डोळे लाल व्हावेत. मी आत जाऊन त्याच्यासाठी शिरा केला. तो खाताना मी त्याच्याकडे बघत बसले, आणि त्याने बोंडं कानात घातली. तेच भाषण पुन्हा. आवाज बाहेर येत होता. भाऊ "कुरवाळायचा" म्हणाले आणि इकडे नवऱ्याचे डोळे परत लाल झाले. मी समोरच बसले होते, पण तो माझ्याकडे बघत नव्हता. तो मत्सर त्याचा नव्हताच. तो भाऊंकडून आणलेला होता, आणि माझ्यासाठीही आणलेला नव्हता. मी उरलेला शिरा झाकून ठेवला.

पुढच्या बाजाराला चाचा आला नाही. त्याला कुणी मारलं नाही, कुणी धमकावल्याचं मी ऐकलं नाही. नुसतं त्याच्या जागेवर कुणीतरी भाऊंचा फलक रोवला होता. त्याच्याही पुढच्या बाजाराला उपरणं घातलेली दोन पोरं आमच्या पालावर आली. बोलणं अगदी अदबीचं.

"मामा, तुमचा परश्नच न्हाई. तुमी आपलंच मानूस. पर नियम म्हंजी सगळ्यास्नी सारका. भाऊंचा शबुद हाय. बायांच्या हातात बायांनीच बांगड्या भरायच्या. वहिनी बसत्याल की."

मला वाटलं आता तरी तो चिडेल. त्याच्या बापाने, आज्याने याच हातांनी गावोगावचे चुडे भरले होते. तो उठला, गादी झटकली आणि मला म्हणाला, "ये, बस." वर त्या पोरांना चहा पाजला.

आणि अशा रीतीने माझी इच्छा पुरी झाली. माझा नवरा आता एकाही बाईच्या हाताला हात लावत नव्हता. मी पुढे, तो मागे खोक्यावर. पण माझ्या हाताला ते येत नव्हतं. मी बोटं जोरात आवळायचे, बांगडी हाडाशी अडली की घाबरून ढकलायचे, आणि काच फुटायची. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. त्या महिन्यात मी इतक्या वाढवल्या की पालापुढे चमचम सडा पडायचा. ऊसतोडीला जाणारी ती उंच बाई आली, तिच्या मनगटावर मी दोनदा रक्त काढलं. ती मागे बघून म्हणाली, "मामा, तुमी का न्हाई भरत?"

"तुमच्याच इज्जतीसाठी हाय ताई," नवरा म्हणाला.

"माजी इज्जत? ती हातात कवा हुती?" ती उठली. दुसऱ्या हाताच्या बांगड्या न भरताच गेली. मला तिचा राग यायला हवा होता, सवयीप्रमाणे. पण त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही दोघी एकाच बाजूला होतो. मला वाटलं तिला हाक मारावी. काय म्हणून मारायची ते सुचलं नाही.

मतदान आलं. शाळेत पडद्याआड मी भाऊंच्या विरुद्ध बटण दाबलं. त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं. समोरचा उमेदवार कोण होता हे मला आज आठवतसुद्धा नाही. लोकशाहीने मला सवतीच्या विरुद्ध मत द्यायची सोय करून दिली होती, ती मी वापरली. भाऊ निवडून आले. आमच्या दारात नवऱ्याने गुलाल उधळला, तो माझ्या वाळत घातलेल्या साड्यांवर बसला आणि अजून गेलेला नाही.

निवडून आल्यावरही भाऊंना मोर्चे आवडायचे. उन्हाळ्यात टँकर वेळेवर येत नव्हते, तेव्हा तालुक्याच्या एका कचेरीवर त्यांनी मोर्चा काढला. साहेबाला बांगड्यांचा आहेर करायचा होता. आहेरासाठी बांगड्या अर्थातच आमच्याकडून. पोरं म्हणाली, "हिरव्या नकं, लाल द्या. व्हिडिओत लाल दिसत्यात." नवऱ्याने दुकानातल्या चांगल्यातल्या चांगल्या काढल्या. मीही गेले. त्याला एकट्याला सोडायची माझी तयारी नव्हती, आणि टेम्पोत बायका हव्याच होत्या.

साहेब तरुण होता. चष्मा, घामाने भिजलेला शर्ट. त्याला कचेरीच्या पायरीवर खुर्चीत बसवलं होतं. पोरांनी त्याचा हात ओढला आणि बांगडी कोंबायला लागले. पुरुषी हात, बांगड्या बायकांच्या मापाच्या. एक फुटली, दुसरी फुटली. व्हिडिओ घेणारे खोळंबले. भाऊ माईकवर म्हणाले, "अरे, आपला कासार कुठाय?"

माझा नवरा गर्दीतून धावत गेला. धावत. उपरणं खाली पडलं तेही त्याने उचललं नाही. भाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला पुढे केलं. त्याने खाली बसून साहेबाचा हात घेतला. उलटासुलटा करून बघितला. ढिगातली सगळ्यात मोठी बांगडी शोधली. अंगठ्याच्या मुळाशी दाबलं, चारी बोटं गोळा केली. कित्येक महिन्यांनी त्याच्या हातात हात आला होता. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, माईक जवळच होता, सगळ्यांनी ऐकलं:

"सैल सोडा ताई."

बांगडी सरकन मनगटावर उतरली. एवढ्या मोठ्या पुरुषाच्या हाताला एक ओरखडाही उठला नाही. मग जे हसू फुटलं ते थांबेना. भाऊ तर पोट धरून हसत होते. "बघा, बघा! काय मऊ हात! अहो, ह्यानं जन्मभर हेच केलंय. ह्याला काय मर्द म्हणायचं? आणा रे, ह्यालाच भरा एक!" पोरं पुढे सरसावली तर भाऊंनी त्यांना थांबवलं. ढिगातून एक लाल बांगडी उचलली, माझ्या नवऱ्याचं मनगट धरलं आणि स्वतःच्या हाताने ती आत दामटली. हाडावर कातडी सोलून निघाली, रक्त आलं, पण बांगडी फुटली नाही.

मी कचेरीबाहेरच्या बाकावर चढून त्याचा चेहरा बघितला. मला वाटत होतं तो मेल्याहून मेल्यासारखा झाला असेल. आमच्या लग्नात अंतरपाट खाली आला तेव्हा मी ज्या चेहऱ्याची वाट बघत होते आणि जो मला दिसला नव्हता, तो चेहरा मला तिथे त्या पायरीवर दिसला. तो भाऊंकडे वर बघत हसत होता. डोळे भरून आले होते. हात त्याने सैल सोडला होता.

घरी आल्यावर मी वाटीत साबणाचं पाणी घेऊन बसले. "आणा हात, काढते."

त्याने हात मागे घेतला. "ऱ्हाऊ दे. भाऊंनी भरलीय."

"अवो, थट्टा केली तुमची. सगळं गाव हसलं."

"थट्टा आपल्याच मानसाची करत्यात."

जखम चिघळली तरी त्याने बांगडी काढली नाही. दुकानात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला मनगट दाखवायचा. काही लोक तोंडावर हसायचे, काही पाठीमागे. मोबाईलवर तो व्हिडिओ गावभर फिरला. त्याने स्वतःच तो कितीतरी जणांना पाठवला. मी भांडून बघितलं, माहेरी जाते म्हणून बघितलं, रडूनही बघितलं. शेवटी माझ्याकडे बाईमाणसाकडे असतं तेवढंच एक उरलं. मी त्याच्यासमोर उभी राहून म्हणाले, "तुम्ही ती काढत नसाल तर मी माझ्या काढते." नवरा जिवंत असताना, कासाराच्या घरात, मी हे बोलले.

तो मोबाईलमध्ये बघत होता. "काढ," म्हणाला.

मी काढल्या. एकही वाढवली नाही, सगळ्या सावकाश, आख्ख्या काढल्या. दुसऱ्या दिवशी बाजार होता. मोकळ्या हातांनी मी पालात गादीवर बसले आणि दुसऱ्या बायकांना बांगड्या भरायला लागले. पहिल्या बाईने हात पुढे केला, माझी मनगटं बघितली आणि आपला हात एकदम मागे घेतला. दुसरी तर चप्पल न घालताच मागे सरली. एका म्हातारीने माझ्या खांद्याला धरून विचारलं, "काय झालं गं लेकी? मामा बरं हाय न्हवं?" मी मागे खोक्याकडे बोट केलं. म्हातारी वळली. त्याला धडधाकट बसलेला बघून आधी तिने कपाळाला हात लावला आणि मग कडाडली, "अरं मुडद्या, बायकूच्या हाताकडं बघ की!"

त्याने कानातली बोंडं काढली. माझ्या हातांकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. तो उठला. मागच्या खोक्यातून हिरव्या बांगड्या काढल्या, माझ्या मापाच्या, न विचारता, बरोबर. माझ्याजवळ येऊन वाकला. मी हात पुढे केला. त्याने बांगड्या माझ्या मांडीवर ठेवल्या.

"सांच्याला सभा हाय," तो म्हणाला. "येताना घालून ये. भाऊंनी असं बघितलं तर काय म्हनत्याल?"